शून्य कोण धरणार?

गालिचेवाल्याचा हात टेपवर पक्का बसला होता, पण टेपला टोकं दोन आणि माणूस आता एकच. इतकी वर्षं दुसरं टोक बायको धरायची. खोली कितीही वाकडीतिकडी असो, तिचे त्रिकोण पाडायचे, एकेकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि बेरीज करायची, ही त्याची रीत. त्यासाठी या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजावा लागे. तेव्हा ती कोपऱ्यात उकिडवी बसून टेपचं शून्य दाबून धरी. "तुमच्याकडे सगळे आकडे, माझ्या वाट्याला नेहमी शून्यच," म्हणून हसे. ती गेली, आणि दुकानात बोलायला कुणी उरलं नाही.

मुलगा म्हणत होता, दुकान विका आणि आमच्याकडे या. यानेही इरेला पेटून सांगितलं होतं की माझं मी बघतो. त्यामुळे एका नर्सबाईंनी खोलीभर गालिचा घालायचं काम दिलं, ते त्याला एकट्याने चोख करून दाखवायचं होतं.

बाईंचं घर दोन गल्ल्यांच्या बेचक्यात. खोलीतल्या एका भिंतीचं दुसरीशी पटत नव्हतं. चार भिंती त्याने भराभर मोजल्या. कर्णाच्या वेळी टेपच्या टोकावर हातोडा ठेवला, तो घसरला. पिशवी ठेवली, तीही सरकली. मी धरू का, असं बाईंनी विचारलं, तर तो नको म्हणाला. ते टोक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्याचं मन धजेना. चार बाजू मिळाल्या, हा कोपरा तर काटकोनातच दिसतोय, मग कर्ण हवा कशाला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

व्हायचं तेच झालं. कापून आणलेला गालिचा एका भिंतीवर चढला आणि समोर वीतभर फरशी उघडी राहिली. चारही बाजू आकड्याला आकडा बरोबर, तरी खोली चुकली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा कापून देतो, असं पुटपुटत त्याने गालिचा गुंडाळला.

बाई कोपऱ्यात जाऊन खाली बसल्या आणि टेपचं टोक धरलं. तो टेप ओढत समोर गेला, वाकला आणि सवयीने बोलून गेला, "हलू नकोस गं. शून्य नीट धर."

लगेच त्याने जीभ चावली. बाईंनी टोक सोडलं नाही.

"धरलंय," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "आधी कोण धरायचं?"

"बायको."

त्याने आकडा मोठ्याने वाचला आणि सवयीने थांबला. तिकडून हसू आलं नाही. मग त्याने तो लिहून घेतला.

संध्याकाळी त्याने मुलाला फोन लावला. दुकान विकत नाही, हे आधीच सांगून टाकलं. पलीकडून मुलगा समजूत घालायला लागला, तर त्याने त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. रविवारी येशील का? टोक धरायला कुणीतरी लागतं रे."