दुसरी झेली

झेलीने उकळत्या सुपावर आलेला फेस पळीने काढला आणि मागे न वळताच मुलाला म्हणाली,

"माझं नाव नका देऊ तिला."

बाप्तिस्त मुलीचा जन्म नोंदवायला गावच्या कचेरीत निघाला होता. एक हात कोटात, एक बाहेर, असा तो तसाच उभा राहिला. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, यावर त्या डोंगराळ मुलखात कुणी कधी चर्चासुद्धा करत नसे.

"आता हे काय नवीन, आई? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. रोझ ठेवा, ल्युसी ठेवा. नावांचा काय दुष्काळ पडलाय?"

पलंगावरून जर्मेन बोलली. बाळंतपणाने तिचा आवाज पार बसला होता.

"मी खालच्या सपाटीवरची ना. लग्नापासून मी डोळ्यांत सलतेय तुमच्या. आता माझी पोरही सलायला लागली."

झेलीच्या हातातली पळी थांबली. या सुनेच्या उशाशी बसून तिने रात्रीमागून रात्री काढल्या होत्या. उलटून बोलायचं त्राणही उरलं नव्हतं. ती पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकली.

"तसं नाही गं पोरी. हे नाव माझं नाहीच. माझ्याआधी एक झेली होती, माझी बहीण. चार वर्षांची होऊन गेली. पुढच्याच वर्षी मी झाले, आणि आईने तेच नाव मला दिलं. तेव्हा देत असत तसं. सर्व संतांच्या सणाला आम्ही शेवंती घेऊन कबरस्तानात जायचो. वाचायला शिकले तेव्हा तिथल्या दगडावर माझंच नाव वाचलं मी."

बाप्तिस्त हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने टोपी काढली.

"आईने हाक मारली की मी धावत जायची," झेली म्हणाली. "ती माझ्याकडे बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. दर वेळी. ही पोर तरी कुणाच्या जागी आलेली नसावी, एवढंच."

सूप उतू जाऊ लागलं तेव्हा बाप्तिस्तनेच भांडं बाजूला सरकवलं.

"मग? काय लिहायला सांगू?"

जर्मेनने दुपट्यातल्या लेकीचं तोंड पुसलं.

"त्या चार वर्षांच्या पोरीने माझं बाळंतपण काढलं नाही," ती म्हणाली. "माझे रक्ताचे कपडे धुतले नाहीत. मला तर एकच झेली ठाऊक आहे. जा, तिचं नाव लिहून ये."

बाप्तिस्त गेला. सूप वाढायचं होतं, लाकडं आत आणायची होती. पण झेली उठली नाही. खुर्चीच्या पाठीला मान टेकून डोळे मिटून बसली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

थोड्या वेळाने बाळ कुरकुरलं. जर्मेनने त्याला छातीशी घेतलं.

"झेली," ती हलकेच म्हणाली. "अगं झेली."

"ओ," खुर्चीतून म्हातारीने झोपेतच उत्तर दिलं.