खाटेचा खरा भाव

माझ्या साडूला दोनशे खाटांचं काम मिळालं आणि त्या दिवसापासून मी जनतेचा विचार करायला लागलो. त्याआधी पंचवीस वर्षं मी फक्त कपाटांचा, टेबलांचा आणि खाटांचा विचार करत होतो. जनता आपली आपण राहत होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचा धंदा काय, तर कार्यक्रमांना खुर्च्या भाड्याने द्यायच्या. त्याही प्लास्टिकच्या. या माणसाला पक्कड कुठून धरायची ते कळत नाही. पण नगरसेवकाच्या प्रत्येक सभेला खुर्च्या याच्याच, आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर हा स्वतः. माझं मात्र वर्कशॉप आहे. लोखंड कापणं, वेल्डिंग, रंधा मारणं, सगळं या दोन हातांनी. साथ आली तशा त्याच्या खुर्च्या गोदामात गेल्या आणि माझ्या वर्कशॉपला कुलूप लागलं. ते तीन आठवडे आम्ही दोघं अगदी सारखे होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मग वॉर्डातल्या मोठ्या हॉलमध्ये रुग्णांसाठी केंद्र काढायचं ठरलं. एका सकाळी साडू माझ्या फाटकाशी आला. मास्क हनुवटीवर, काखेत फाइल.

"साडूभाऊ, खाटांचं काम निघालंय. तीन कोटेशनं लागतात. एक माझं, एक नगरसेवक साहेबांच्या ओळखीतलं, तिसरं तुम्ही द्या. नावापुरतं हो. मी खाटेला आठ हजार टाकतोय. तुम्ही नऊच्या वर लिहा, म्हणजे झालं."

यात त्याला काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. आमच्या धंद्यात हे शेजाऱ्याला शिडी देण्यासारखं आहे. आज तुमच्यासाठी मी चढा भाव लिहायचा, उद्या माझ्यासाठी तुम्ही. गेल्या वर्षी तर मी गावाला निघालो होतो म्हणून लेटरहेडचे तीन कोरे कागद सही-शिक्का मारून त्याच्या हातात देऊन टाकले होते. त्यातला त्याला एकच लागला. बाकीचे दोन मी परत मागितले नाहीत.

"कोरी सही दिलीत तरी चालेल," तो म्हणाला.

"नको. लिहूनच देतो. काम कसं पद्धतशीर हवं."

आत येऊन टेबलाशी बसलो. आठ हजार! लोखंडी सांगाडा, वर प्लाय, असली खाट मी दोन हजारांत करतो, माझी मजुरी धरून. आणि हा खुर्चीवाला तिला आठ लावणार, अन् मी खाली नऊची शिडी धरून उभा राहणार! मी सहा लिहिले. खाली कार्बन ठेवून नक्कल काढली, पाकिटाला डिंक लावला आणि बाहेर जाऊन त्याच्या हातात दिलं. सगळ्यात कमी भाव माझा. पाकिटं उघडली की काम मला मिळणार होतं, आणि साडूचं तोंड बघायला मी पैसे मोजले असते.

दहा दिवसांनी काम त्याला मिळालं.

खाटा कुठल्याशा कारखान्यातून तयार होऊन ट्रकने आल्या. मला एक स्क्रूसुद्धा पिळायला मिळाला नाही. दोन महिन्यांत त्याच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. आमच्या गॅलरीतून त्याचं दार दिसतं, आणि तेव्हा घराबाहेर पडायला बंदी होती. म्हणजे बघायला दुसरं काहीच नव्हतं. तो रोज सकाळी फडक्याने ती गाडी पुसायचा. जायचं कुठेच नव्हतं, तरी पुसायचा. मी चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि चहा गार व्हायचा.

त्यात सासरेबुवांचा फोन. वीस वर्षं त्यांच्या घरातली प्रत्येक बिजागरी मी बदलली. आणि ते मलाच सांगतात, "धाकट्या जावयाने नाव काढलं हो. अशा काळात लोकांच्या उपयोगी पडला." मी "हो ना" म्हणालो. ते "हो ना" घशातून काढायला मला जितका जोर लागला, तितका सागाच्या फळीतून खिळा काढायला लागत नाही.

बायको सगळं बघत होती. "अहो, तुम्हाला खाटा महाग झाल्याचं दुःख आहे, की त्या त्याने विकल्याचं?"

"जनतेचा पैसा आहे तो," मी म्हणालो.

"जनता कधीपासून आपली नातेवाईक झाली?" असं म्हणून ती आत गेली.

तेवढ्यात एक खाट मोडली. आमच्या गल्लीच्या मोबाइल ग्रुपचे कर्ते म्हणजे निवृत्त मास्तर. शांत माणूस, शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय कुणाच्या कसल्या चुका काढत नाही. त्यांचा धाकटा भाऊ त्या केंद्रात होता. खाटेचा पाय वाकला आणि तो सलाइनसकट खाली आला. जीव वाचला, पण हात मोडला. मास्तरांनी वाकलेल्या पायाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एकच ओळ लिहिली, "हे असे का व्हावे?"

ग्रुप पेटला. नगरसेवकाच्या बाजूचे म्हणाले, फोटो खोटा आहे. विरोधातले म्हणाले, राजीनामा द्या. मग दोन्ही पक्ष एकमेकांना "तुमच्या वेळी काय झालं ते आठवा" म्हणत तीन दिवस भांडले. किराणा दुकानासमोर खडूच्या वर्तुळांत उभे राहून माणसं एकमेकांवर ओरडत होती. वर्तुळ सोडून कुणी जात नव्हतं, म्हणून हाणामारी तेवढी झाली नाही. सगळ्यांत मोठा आवाज औषधवाल्याचा. "मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खाणारे," असं तो म्हणायचा, आणि आत जाऊन पाचाचा मास्क पंचवीसला विकायचा.

पेपरात आठ हजारांचा आकडा आला त्या दिवशी मी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं. फोटो मोठा करून पाइपाची जाडी मोजली होती. लिहिलं, "मी पंचवीस वर्षं खाटा बनवतो. हा पाइप एक इंची आहे, दीड इंची हवा. दीड इंची घालूनही या खाटेला दोन हजारांच्या वर एक पैसा लागत नाही. वरचे सहा कुणाच्या खिशात गेले?"

एक्केचाळीस अंगठे आले. मी मोजले. माणसं मला रस्त्यात थांबवायला लागली. "खाटवाले काका, तुम्ही बोललात म्हणून कळलं हो." उभ्या जन्मात माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं. वार्ताहराचा फोन आला, त्याला मी खाट खिळ्या-खिळ्याने समजावून दिली. साडूने गाडी पुसायचं बंद केलं. मी मात्र गॅलरीत जास्त वेळ उभा राहायला लागलो आणि आता चहा गरम असतानाच प्यायचो.

मास्तरांनी अर्ज लिहिला. मागणी एकच, की फाइल सगळ्यांसमोर उघडा, कुणी काय भाव दिला होता ते दाखवा. ही मागणी मीच सुचवली होती. फाइलमध्ये माझं सहाचं कोटेशन असणार, ते डावलून आठवाल्याला काम दिलं असणार. ते बाहेर आलं की साडूचा निकाल लागला. अर्जावर पहिली सही माझी, दुसरी औषधवाल्याची.

वॉर्ड ऑफिसला जायच्या दिवशी मी नक्कल घडी करून खिशात ठेवली. बायको इस्त्रीचा शर्ट देत म्हणाली, "त्या कागदावर सहा आहे ना?"

"मग? आठापेक्षा कमीच आहे की."

ती काहीतरी बोलणार होती. पण मी चपला घातल्या होत्या.

ऑफिसात खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. त्याही साडूच्याच. तो कोपऱ्यात मास्क नाकापर्यंत ओढून बसला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. अधिकारीणबाईंनी हातमोजे घालून फाइल उघडली आणि कागदावरून वाचून दाखवलं. साडूचं कोटेशन, खाटेला आठ हजार. साहेबांच्या ओळखीतल्याचं, आठ हजार आठशे. मग त्यांनी तिसरा कागद उचलला आणि माझ्या वर्कशॉपचं नाव वाचलं.

"नऊ हजार पाचशे."

मला वाटलं, बाई चुकल्या. त्यांनी कागद आमच्याकडे वळवला. लेटरहेड माझं, सही माझी, शिक्का माझा. मधला मजकूर मात्र टाइप केलेला. गेल्या वर्षीच्या तीन कोऱ्या कागदांपैकी एक. म्हणजे साडूने माझं पाकीट उघडलं होतं.

"खाटवाले," मास्तर हळूच म्हणाले, "हे तुमचंच ना?"

औषधवाला माझ्यापासून दोन पावलं सरकला. अंतर आधीच पुरेसं होतं. मी खिशाला हात लावला. नक्कल दाखवली की साडू मेला, खोटा कागद घालणं म्हणजे सरळ फसवणूक. पण हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. माझ्या नजरेसमोर मास्तरांच्या मांडीवर आमचा अर्ज होता. त्यात लिहिलं होतं, "जाणकारांच्या मते प्रत्यक्ष खर्च दोन हजार." जाणकार म्हणजे मी. इतके महिने मी माझा सहा फक्त त्याच्या आठाशेजारी ठेवून बघत होतो. दोनाशेजारी तो मी एकदाही ठेवला नव्हता.

गप्प बसायला हवं होतं. नात्यापोटी नावापुरतं दिलं म्हणालो असतो, लोकांनी दोन दिवस नावं ठेवली असती आणि विसरले असते. पण मी कोपऱ्यात पाहिलं. साडूच्या डोळ्यांत भीती नव्हती. हा काही तोंड उघडणार नाही, असं ते डोळे सांगत होते. त्याला माझी इतकी खात्री होती. मी बुडणार हे मला कळत होतं. पण तो तरंगणार, हे मला सहन होईना.

मी नक्कल काढून टेबलावर ठेवली. "तो कागद खोटा आहे. माझा भाव हा होता."

बाईंनी तारीख पाहिली, सही पाहिली, साडूकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला आणि परत बसला. मग नक्कल मास्तरांच्या हातात गेली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, खालची बारीक ओळसुद्धा.

"सहा," ते म्हणाले. "तुम्ही तर दोन म्हणाला होतात."

मी नक्कल परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ती दिली नाही.

"असू द्या. मला एवढंच सांगा. सहामध्ये तरी पाय नीट लावले असतेत ना?"

हो म्हणायला एक क्षण पुरतो. पण खालच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "पाइप एक इंची." आणि एक इंची म्हणजे काय, ते मीच गल्लीला शिकवलं होतं. मास्तरांनी नक्कल दोन्ही हातांनी नीट टेबलावर ठेवली, अर्जाची घडी केली आणि ते निघून गेले.

जिन्यात साडूने मला गाठलं. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"साडूभाऊ, तुमचं पाकीट उघडलं तेव्हा वाईट वाटलं नाही मला. दोन लिहिलं असतंत तर शरमेने मेलो असतो. सहा बघितले आणि वाटलं, चला, घरात एक तरी माणूस आपल्यासारखा आहे."

संध्याकाळी मास्तरांनी मला ग्रुपमधून काढलं. कारण लिहिलं नाही. औषधवाल्याने म्हणे लगेच लिहिलं, असल्या लोकांना सोडू नका, आणि त्याला पन्नासावर अंगठे आले. हे मला बायकोने सांगितलं, कारण ती अजून ग्रुपमध्ये होती. साडूचं काम रद्द झालं, गाडी गेली. सासरेबुवा रोज त्याला फोन करतात, धीर देतात. पोरगं चुकलं, पण मनाचं वाईट नाही, म्हणतात. मला एकदाही फोन आला नाही.

चौथ्या दिवशी पेपरात बातमी आली. पहिल्या पानावर, साडूचा फोटो दोन कॉलम, खुर्चीवर बसलेला. त्याचा धंदा, त्याची गाडी, साहेबांशी ओळख, सगळं सविस्तर. अगदी शेवटी एक ओळ होती, "अन्य एका पुरवठादाराचीही चौकशी होणार आहे."

मी ती बातमी वरून खाली वाचली, मग पान उलटून आतलं पाहिलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आलो.

"काय शोधताय एवढं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मी माझं नाव शोधत होतो.