हॉलमधला चढ

खांद्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी चंद्रशेखरला रस्त्यावर सायकल चालवायची मनाई केली. घरात तरी पाय चालते राहावेत म्हणून त्याने ट्रेनर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड, मागवला आणि खामगावातल्या घराच्या हॉलमध्ये सायकलचं मागचं चाक त्या स्टँडमध्ये कसलं. चाकाला मागून रोलर टेकलेला, बाजूला एक खटका. खटका फिरवला की पायडल जड होई, चढ लागल्यासारखं.

रविवारच्या राईडला बोथ्याच्या घाटात आजवर त्याच्या आधी कुणी वर पोचलेलं नव्हतं. त्याला एका जागी पाय मारण्याचा लवकरच कंटाळा आला. मग त्यावर बसू लागली ती धम्मशीला, त्याची बायको. ती दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवर जाण्याआधी सायकलवर चढायची आणि घामाने ओली होऊन उतरायची.

सुरुवातीला त्याला कौतुक वाटलं. "पाठ वाकवू नको, लांब श्वास घे," असं तो सोफ्यावरून सांगायचा. मग एकदा मतीन आला. त्याचं सायकलचं दुकान होतं आणि दर रविवारी तोच सगळ्यांना राईडला न्यायचा. तो थोडा वेळ धम्मशीलाकडे बघत राहिला.

"सर, भाभी तं तुमच्यापेक्षा सफाईनं चालवून राह्यल्या!"

चंद्रशेखर मोठ्याने हसला. पण हातातला चहा त्याला गोड लागेना.

त्यानंतर त्याला ट्रेनरचा आवाज सहन होईना. "शेजारी काय म्हणतीन? फरशीवर घामाचे डाग पडून राह्यले," तो म्हणाला. धम्मशीलाने खाली जुनी सतरंजी टाकली आणि पाय मारत राहिली. तिच्या पोटऱ्या घट्ट झाल्या होत्या. आपली पोटरी दाबून बघताना त्याला स्वतःचाच राग आला.

एका सकाळी ती तोंड धूत असताना त्याने खटका एक घर पुढे सरकवला.

ती मधेच थांबली. "आज पाय काऊन भरून आले?"

"ड्युटीनं थकली असशीन," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. तरी खटका त्याने तसाच ठेवला. ती त्यालाही सरावली, तेव्हा आणखी एक घर सरकवला. ती धापा टाकायची, पण आता थांबत नव्हती.

हाड जुळल्यावरच्या पहिल्याच रविवारी मतीनने धम्मशीलासाठी दुकानातली एक सायकल आणली आणि सगळे बोथ्याकडे निघाले. घाट सुरू झाला तसा चंद्रशेखर पुढे झाला. दुसऱ्या वळणावर त्याला मागून टायरचा आवाज आला. धम्मशीला बाजूने निघून गेली, त्याच्याकडे न बघता. त्याने जीव खाऊन पाय मारले, पण कडेची सागाची झाडं मागे पडत होती आणि ती लांबच जात होती.

तो वर पोचला, आणि मागून आलेली राईडची पोरं तिचे फोटो काढू लागली.

"भाभी, एवढी ताकद आणली कुठून?" मतीनने विचारलं.

"तुमच्या सरायनंच तयारी करून घेतली माही," ती म्हणाली.

चंद्रशेखर बाटली घेऊन बाजूला गेला. थोड्या वेळाने ती जवळ आली, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही. "तो खटका मी फिरवत होतो."

"मले माहीत हाये. तोंड धुताना आरशात दिसत होते तुम्ही."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तं तुम्ही पुन्हा खाली केला असता. मले तं जमून राह्यलं होतं." तिने त्याच्या हातातली बाटली घेतली. "पण माह्यं चांगलं तुम्हाले पाह्यवत नाही, याचं लय वाईट वाटलं."

नाही म्हणायची सोय नव्हती. आताही ते फोटो त्याला खुपतच होते.

परतताना उतार लागला तशी धम्मशीला घाबरली. हॉलमध्ये उतार कुठला? ती दोन्ही ब्रेक आवळून धरू लागली.

"मी पुढे जातो. माह्या मागं ये," तो म्हणाला.

"नाही. तुम्ही मागूनच सांगा."

एक क्षण त्याला वाटलं, बाजूने सुसाट निघून जावं आणि सगळ्यांना दाखवावं. हात ब्रेकवरून सुटलेही. मग पुढच्या वळणावर पसरलेली वाळू त्याला दिसली.

"ब्रेक आताच दाब! वळणाच्या आधी! आता सोड!" तो ओरडला. ती वळण नीट पार करून गेली आणि तो तिच्या मागे राहिला.