रेक्झिनचे बूट

हौसेला मोल नसतं म्हणतात. बाळासोच्या हौसेला मोल होतं, फक्त ते त्यानं स्वतः दिलं नाही.

बाळासो राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांची तोंडं धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची, हा त्याचा धंदा. ऐंशीच्या आगेमागे कोल्हापुरात अवकाशातल्या लढाईचा एक इंग्रजी सिनेमा लागला आणि या शहाण्याच्या डोक्यात खूळ शिरलं. लोक त्यातल्या हिरोला टाळ्या वाजवत. याला मात्र आवडला यानाच्या दारात उभा असलेला एक बिननावाचा पहारेकरी. पांढरंशुभ्र चिलखत, तोंड झाकणारं शिरस्त्राण आणि गुडघ्यापर्यंत येणारे राखी बूट. तो बोलत नाही, हलत नाही, नुसता उभा राहतो. बाळासोला वाटलं, असं उभं राहता आलं पाहिजे. थिएटरच्या डोअरकीपरच्या पोराबाळांचे पासपोर्ट फोटो फुकट काढून देऊन त्यानं सिनेमाची शोकार्डं, म्हणजे थिएटरबाहेर काचेत लावायचे फोटो, मिळवली आणि भिंग लावून त्या पहारेकऱ्याचा एक-एक टाका बघायला सुरुवात केली.

त्याच्या गल्लीतल्या तालमीचा गणपती सजीव देखाव्यासाठी नावाजलेला होता. मूर्तीच्या पुढं उंच स्टेज, त्यावर गल्लीतलीच पोरं वेष करून पुतळ्यासारखी स्तब्ध उभी, कर्ण्यावर कथा चाललेली आणि वर रंगीत दिवे. दरवर्षी गड, तलवारी आणि दरबार. बाळासोनं यंदा अवकाश मांडायचं म्हटल्यावर मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव बुचकळ्यात पडले. हंबीरराव म्हणजे जुने पैलवान. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही.

"समदं खरं," आबा म्हणाले, "पर त्यात आपला गणपती कुठं बसायचा?"

"आबा, परग्रहावरचा पहारेकरी पृथ्वीवर उतरतोय आनि गणरायाम्होरं गुडघं टेकतोय."

आबांना ते इतकं पटलं की त्यांनी लगेच पोरांना बांबू आणायला पिटाळलं. पहारेकरी कोण होणार, हे विचारायची गरज नव्हती.

चिलखत आधी पत्र्याचं करून बघितलं. तेलाचे डबे कापून केलेलं ते चिलखत घालून बाळासो चालला की गल्लीतली कुत्री मागं लागत. मग गणपती करणाऱ्या आकाराम कुंभारानं बाळासोलाच अंगणात उताणा पाडला, उघड्या छातीवर प्लास्टर ओतलं आणि साचा काढला. साच्याबरोबर छातीवरचे केसही निघाले. बाळासोची बोंब पंचगंगेपर्यंत गेली असेल. पण त्या साच्यात कागदाच्या लगद्याचं जे चिलखत उतरलं, ते शोकार्डाशेजारी धरलं तर कुठलं खरं ते कळू नये.

राहिले बूट. दूध संघातले पांढरे गमबूट घालून बघितले, तर पहारेकरी म्हशीची धार काढायला निघाल्यासारखा दिसायला लागला. पोलिसांच्या बुटांना लेस असते आणि सिनेमातल्या बुटांना लेस नव्हती, पुढं शिवणही नव्हती. कुणीतरी म्हणालं, दस्तगीरचाचाकडं जा.

दस्तगीरचाचा पलीकडच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि तिथंच काम करायचा. कोल्हापुरात सिनेमे जोरात निघत होते तेव्हा सरदारांचे, घोडेस्वारांचे बूट त्याच्याच हातचे असत. आता स्टुडिओ थंडावले होते आणि चाचा एका दुकानासाठी चपला शिवायचा, ज्यांच्यावर दुकानाचा शिक्का बसायचा. बाळासो दारात उभा राहिला तेव्हा चाचा मान वर न करताच म्हणाला, "या पावणं."

बाळासोनं शोकार्डं पुढं केली. चाचानं ती लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली आणि म्हणाला, "फोटूत पाय उभा हाय. चालताना कातडं कसं मोडतंय ते दिसायला पायजे."

म्हणून दोघं सिनेमाला गेले. चाचानं अख्ख्या सिनेमात माणसांची तोंडं बघितलीच नाहीत. मध्यंतरात त्यानं बाळासोच्या मांडीवर थाप मारली. "शिवण मागनं हाय आनि आतल्या अंगाला चेन. तुझा शिपाई डाव्या पायानं लंगडतोय बघ, बूट चावतोय त्याला. आपण चावू द्यायचा न्हाई, लेका."

त्या दिवसापासून बाळासो लेका झाला. रोज संध्याकाळी तो चाचाकडं जायचा. चाचाची बायको मेहरुन्निसा चहा द्यायची आणि चाचा जुन्या गोष्टी सांगायचा. सिनेमा लागला की दोघं नवरा-बायको आधी जाऊन बसायची, पडद्यावरच्या नावांच्या पाट्या वाचायला. कपडेवाल्याचं नाव यायचं, रंगभूषावाल्याचं यायचं.

"घोडेवाल्याचं बी आलं एकदा," मेहरुन्निसा हसून म्हणाली. "घोड्यावर बसनाऱ्याच्या बुटाचं न्हाई आलं कदी."

पैशाचा विषय निघाला तेव्हा चाचानं हात झटकला. मंडळाच्या दारात आभाराचा फलक लागतो, त्यावर नाव लावायचं, बस्स. "बूट, आनि म्होरं दस्तगीर. आमचं व्याही मौलाभाई गडमुडशिंगीस्नं येत्यात देखावं बघायला. पोर दिलीया त्यांच्या घरात. त्यांस्नी वाटतंय, चपलावाला हाय. बघू देत एकदा."

"लावतो की चाचा! सगळ्यात वर लावतो."

कातडं कापायच्या आधी चाचानं रापी खाली ठेवली. "लेका, गणपतीम्होरं कातडं चालतंय न्हवं? न्हाईतर मी कॅनव्हासचं शिवतो. लांबनं कुणाला कळनार न्हाई."

बाळासोला कळणार होतं. कॅनव्हासला तशी मोड पडली नसती. घोट्यावर ज्या दोन वळ्या सिनेमात पडत होत्या, त्या पडल्या नसत्या. "चालतंय," तो म्हणाला. "आबास्नी इचारलंय." विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर त्याला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

बूट झाले. काय झाले म्हणून सांगावं! राखी रंग आतपर्यंत मुरलेला, शिवण शोधून सापडत नव्हती आणि पायात घातले की मोज्यासारखे बसत. बाळासो चिलखत, शिरस्त्राण, बूट चढवून तालमीत आला तेव्हा जोर काढणारी पोरं जागच्या जागी थांबली.

आबांनी त्याला खालपासून वर बघितलं आणि नजर परत बुटांवर आणली. "बाळासो, कातडं न्हाई न्हवं ह्ये? देवाच्या स्टेजवर कातडं चढवायचं न्हाई. मावळ्यांस्नी बी आपन मखमलीची पायताणं शिवतो. कातडं आसंल तर तुजा पहारेकरी अनवाणी उभा ऱ्हाईल."

ही गोष्ट नुसती कातड्याची होती. तालमीत गणपतीशेजारी पीर बसायचा, दोघांची सेवा एकाच हातांनी व्हायची. बूट कुणी शिवले याच्याशी आबांना काही देणंघेणं नव्हतं. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर फार तर चार शिव्या बसल्या असत्या. पण बाळासोच्या डोळ्यांपुढं अनवाणी पहारेकरी उभा राहिला आणि जीभ आपोआप वळली.

"रेक्झिन हाय, आबा. कातड्यावानी दिसतंय निस्तं. मुंबईस्नं मागवलंय."

"मग झ्याक," आबा म्हणाले.

एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं. पेंटर फलक रंगवायला बसला तेव्हा "चिलखत : आकाराम कुंभार" लिहून झाल्यावर त्यानं बुटाचं विचारलं. आबा शेजारीच उभे होते. दस्तगीर हे नाव लिहिलं की कातडं लिहिल्यासारखंच. चाचा दुसरं कशाचं काम करत नाही हे पेठेत कोण जाणत नव्हतं? "त्याचं नाव नको," बाळासो म्हणाला. "बाहेरचा माल हाय." चाचाकडं जाऊन सगळं सांगून टाकायचं त्यानं ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत त्यानं पलीकडच्या गल्लीतून जाणंच बंद केलं. त्याला आपली लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून तो जास्तच लाजिरवाणं वागत होता.

देखावा उघडला त्या संध्याकाळी गल्लीत मुंगीला वाट नव्हती. बाळासो स्टेजवर उभा होता, हातात बंदूक, शिरस्त्राणाच्या फटीतून समोरचं सगळं दिसत होतं. कर्ण्यावर ग्रहताऱ्यांची कथा चालली होती. घंटा झाली की गुडघे टेकायचे, तोवर पापणीसुद्धा हलवायची नाही. आणि गर्दीतून त्याला दस्तगीरचाचा येताना दिसला.

चाचानं इस्त्रीचा सदरा घातला होता. मागं ठेवणीतली साडी नेसून मेहरुन्निसा आणि शेजारी फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ. मौलाभाई ते हेच, हे कुणी सांगायची गरज नव्हती. चाचा त्यांच्यासाठी कोपरानं गर्दी बाजूला सारत होता. तिघं फलकापाशी थांबले. चाचानं बोट लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट तळाशी गेलं. मग ते पुन्हा वर आलं आणि पुन्हा सावकाश खाली गेलं. धरणी दुभंगावी असं माणसं उगीच म्हणत नाहीत, हे बाळासोला तेव्हा कळलं.

"कुठं हाय नाव?" मौलाभाईंनी विचारलं. चाचा काहीतरी पुटपुटला आणि त्यानं स्टेजकडं बोट दाखवलं.

तेवढ्यात पुढं उभ्या असलेल्या, दुसऱ्या तालमीच्या एका टवाळानं नाक वर केलं. "आबा, कातड्याचा वास येतोय की हो! देवाम्होरं कातडं चढवलंसा व्हय?"

कथा थांबली. आबा ताडकन उठले. "कोन म्हणतंय? रेक्झिन हाय, मुंबईचा माल हाय!" त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि चाचावर थांबली. "ह्ये बघा, दस्तगीरचाचा हायत हितं. त्यांच्यापरास जाणकार कोन हाय? या चाचा, वर या. हात लावा आनि तुमीच सांगा ह्यास्नी."

चाचानं पायऱ्यांपाशी आपल्या चपला काढल्या. अनवाणी पायांनी तो स्टेजवर आला आणि बाळासोच्या पायाशी उकिडवा बसला. बुटावर त्यानं तळवा ठेवला. बाळासोला आतून त्याचा अंगठा कळला, बोटांवरून घोट्यावर आणि घोट्यावरून मागच्या शिवणीवर जाणारा. मग चाचानं मान वर करून शिरस्त्राणाच्या फटीत बघितलं.

बाळासोला बोलता आलं असतं. 'चाचांनी शिवलेत, कातड्याचे आहेत, खोटं मी बोललो', एवढंच तर म्हणायचं होतं. पण पुतळ्यानं बोलायचं नसतं, हा नियम त्या संध्याकाळी त्याच्या फार कामी आला. तो हलला नाही. इतका स्तब्ध तो सरावातसुद्धा कधी उभा राहिला नव्हता.

"रेक्झिन हाय," चाचा म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, चाचा!"

"रेक्झिन हाय!" चाचा उभा राहिला. "मशीनची शिलाई हाय. मुंबईचा माल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, टवाळ मागं सरला. खालून मौलाभाईंचा खणखणीत आवाज आला, "म्हंजे तुमी शिवल्यालं न्हवं?"

"न्हवं," चाचा म्हणाला.

मेहरुन्निसानं पदर पुढं ओढला. मौलाभाई हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बढाईखोर सोयऱ्याकडं माणूस जसं समजून घेऊन बघतो, तसं त्यांनी बघितलं आणि चाचाच्या खांद्यावर हात ठेवला. घंटा झाली. बाळासोनं गुडघे टेकले. घोट्यावर बरोबर दोन वळ्या पडल्या, सिनेमात पडत होत्या तशाच.

त्या वर्षी देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. विसर्जन झाल्यावर बाळासो पिशवीत बूट घालून पलीकडच्या गल्लीत गेला. दारात उभा राहिला. चाचा चपलेचा पट्टा ओवत होता. त्यानं मान वर केली.

"या पावणं," तो म्हणाला. "बसा."

बाळासो बसला नाही. जे बोलायचं ते त्यानं घडाघडा बोलून टाकलं. "चाचा, चुकलं माझं. मी आत्ता आबास्नी जाऊन खरं सांगतो. फलक अजून हाय, नाव लावतो. गडमुडशिंगीला जाऊन मौलाभाईंच्या पाया पडतो."

"आनि काय सांगणार त्यास्नी?" चाचाचा आवाज चढला नव्हता. "दस्तगीर तुमच्या देवाम्होरं उभं ऱ्हाऊन खोटं बोलला म्हनून? त्यांच्याम्होरं मी एकदा न्हवं म्हटलं. आता व्हय म्हटलं की दोन्हीकडनं लबाड मीच. माझी पोर हाय त्या घरात. ऱ्हाऊ द्या."

मेहरुन्निसानं चहा आणून पुढं ठेवला आणि आत गेली. एरवी ती बसायची. चहा नको म्हणायची त्याची हिंमत झाली नाही; तो उभ्यानंच प्यायला, चटके बसले तरी.

चाचानं पिशवी ओढून घेतली आणि बूट बाहेर काढले. उजव्या टाचेपाशी एक टाका उसवला होता, गुडघे टेकताना उसवला असावा. चाचानं आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि तो टाका पुन्हा घातला, असा की कुठं उसवलं होतं ते दिसू नये. मग फडक्यानं पुसून दोन्ही बूट त्यानं पिशवीत ठेवले आणि पिशवी बाळासोच्या हातात दिली.

"मुंबईचा माल चांगला हाय," तो म्हणाला. "जपून वापरा, पावणं."