डोंगरातलं वायन

त्या शुक्रवारी ओमानमधल्या सोहारच्या फ्लॅटमध्ये बाबामियाँ भाकरी मोडता मोडता लेकीला चिडवत होते. सकाळी टॅक्सीवाल्याने निदाला विचारलं होतं, कुठली तू? तिने नेहमीचंच सांगितलं, रत्नागिरी.

"वा गो वा! जन्मलीस सूरच्या डोंगरात आणि सांगतेस रत्नागिरी?"

"इथली म्हटलं तर कोण मानेल, बावा? व्हिसा संपला की निघायचं."

"व्हिसाला काय कळतं! तुझ्या आईचं वायन अजून असेल तिथे. भात कांडायला जमिनीत दगड पुरून दिला होता मी. कोरताना तीन पटाशा मोडल्या. पुढच्या शुक्रवारी चल, दाखवतो. यल्ला, चहा टाक."

निदा चहा टाकायला उठली. मंगळवारी दुपारी बावा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

बावांचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती एकटीच सूरला गेली. बावा तिथे गलबतं बांधणारे सुतार. लग्न झाल्यावर अर्बाबाने, म्हणजे त्यांच्या मालकाने, त्यांना डोंगरातलं हे दगडी घर राहायला दिलं होतं. आता छप्पर नव्हतं, आणि अर्बाबाचा नातू सालिम टेप लावून भिंती मोजत होता. त्याला पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, दारावर घराच्या इतिहासाची पाटी लावायची होती.

"इथे आमचे शेळ्या राखणारे राहायचे," तो हिंदीत म्हणाला. "पाटीवर तेच लिहिणार आहे."

"एक सुतार राहायचा. बायकोसोबत."

"इंडियावाले सुतार? ते खाली बंदरावर, एकेका खोलीत दहा जण. बायका कुठल्या आल्या!"

निदा आत शिरली. दाराजवळच्या लेंड्या तिने चपलेने सारल्या, मग हाताने. खाली जमिनीसरशी दगड लागला, मधोमध गोल खोलगट.

"कोंबड्यांचं पाणी असेल," सालिम हसला.

"कोंबड्यांसाठी कोण एवढं खोल कोरतं?" तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. तळ गुळगुळीत होता. "यात भात कांडतात. तुमचे शेळ्यावाले कांडायचे?"

सालिमने टेप गुंडाळली. तो दगडापाशी उकिडवा बसला.

"तू कुठली पण?"

रत्नागिरी तोंडात आलंच होतं. निदाने ते गिळलं.

"इथली," ती मोठ्याने म्हणाली. "ह्याच घरातली. बाबामियाँ सुतार आणि त्यांची बायको रशीदा, दोघांची मुलगी. लिही पाटीवर."