जीवशास्त्राचं एक वर्ष

फरहतने अकरावीत जीवशास्त्र सोडलं ते चुलतभाऊ नबीलच्या सांगण्यावरून. नबील हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि खडकीतल्या त्यांच्या घरांत मुलांनी काय शिकायचं हे तोच ठरवत असे. बेडूक कापून काय मिळणार, त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्स घे, मार्क तरी पडतील, असं तो म्हणाला. फरहतलाही तेव्हा कॉम्प्युटरच हवा होता. वर्गातल्या निम्म्या मुलींना हवा होता.

बारावीत असताना आजोबांना, अल्लाबक्षांना, अर्धांगवायूचा झटका आला. व्यायाम करून घ्यायला पद्मजाताई नावाच्या फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागल्या. त्या ओरडायच्या, आजोबा शिव्या द्यायचे, आणि हिवाळा संपेपर्यंत आजोबा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. फरहत आधी नुसती बघायची, मग विचारू लागली. खांदा कसा चालतो ते कळत गेलं, तसा सर्किटमधला तिचा रस संपला.

निकालानंतर तिने ते घरी सांगितलं. फिजिओथेरपीला जीवशास्त्र लागतं. बोर्डाला पुढच्या वर्षी तेवढा एकच विषय देता येतो, सोबत नीटची परीक्षा. त्यासाठी एक वर्ष घरी बसून अभ्यास करायचा होता.

तिचे वडील एजाज दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. त्यांनी लगेच नकार दिला नाही. रविवारी नबीलला बोलवू, तो सांगेल तसं करू, म्हणाले.

त्याआधी फरहत विश्रांतवाडीला एक अभ्यासिका बघायला गेली. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून वाचत होती आणि त्यांच्यात, कामाच्या दिवशी भर दुपारी, नबील बसला होता. गळ्यात कंपनीची पट्टी होती, तिला ओळखपत्र नव्हतं. तो तिला जिन्यात घेऊन गेला. कंपनीने मार्चमध्येच काढलं, म्हणाला; तेव्हापासून रोज वेळेवर घराबाहेर पडतो.

"लग्न ठरलंय माझं. मुलीकडे कळलं तर संपलं," तो म्हणाला. "तू गप्प राहा. रविवारी मी तुझ्या बाजूने बोलतो."

रविवारी नबील आईला, मोठ्या अम्मींना, घेऊन आला. त्यांनी लग्नाच्या कपड्यांची पिशवी आणली होती. एकेक कापड उलगडून दाखवून झालं, चहा झाला, मग एजाजनी विषय काढला. नबील म्हणाला की फिजिओथेरपीही वाईट नाही, हल्ली मागणी आहे.

फरहतची आई, हुस्नबानू, हसली. "वा रे, स्वतः एसीत बसायचं आणि माझ्या पोरीने लोकांचे पाय चोळायचे?"

मोठ्या अम्मीही हसल्या. एजाज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हिने कॉम्प्युटर केलं तर तुझ्या कंपनीत लावशील ना?"

नबीलने कप बशीत ठेवला. आईकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"लावतो की चाचा."

"मग वर्ष कशाला घालवायचं?" एजाज म्हणाले आणि फरहतकडे वळले. "तुला काही सांगायचंय?"

मोठ्या अम्मी पिशवीत कपडे परत भरत होत्या. फरहत म्हणाली, नाही.

ऑगस्टमध्ये तिला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरची जागा मिळाली. त्या रविवारी जाताना नबीलने तिला दारात गाठून शब्द दिला होता की लग्न झालं की लगेच चाचांना सगळं सांगतो. लग्न नोव्हेंबरात झालं. त्याने सांगितलं नाही. बोर्डाचे अर्ज भरायची मुदत संपली, नीटचीही संपली. त्यानंतर एका दुपारी नबीलची बायको काही कामासाठी हिंजवडीला कंपनीच्या गेटवर गेली आणि तिथल्या पहारेकऱ्याकडून तिला सारं समजलं.

संध्याकाळपर्यंत बातमी एजाजच्या घरी आली. त्यांनी टीव्ही बंद केला. मग फरहतला हाक मारली आणि तिला माहीत होतं का, एवढंच विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"त्या रविवारीच बोलायचं होतंस," एजाज म्हणाले. "मी विचारलं होतं तुला."

"आधी ठरवलंत, अब्बा. मग विचारलंत."

 एजाज म्हणाले की आता सुरू केलंच आहे तर पुरं कर, चार वर्षांत काळ बदलेल, कॉम्प्युटरवाल्यांना पुन्हा कामं मिळतील.

"हे कुणी सांगितलं?" फरहतने विचारलं.

"नबीलनेच," एजाज म्हणाले. "मघाशी फोन केला होता त्याला."