थोरल्याचा फोन आणि आईची खबर

लॉन्ड्रीत त्या दुपारीही नेहमीसारखाच वाफेचा उबट वास होता. सासूबाई हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होत्या. वरच्या मजल्यावरच्या घरात त्यांचा धाकटा मुलगा बायकोवर ओरडत होता. कारण जुनंच: तिला शिवणाच्या कारखान्यात पुन्हा कामाला जायचं होतं. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. ती उणीव आपण शेजारीपाजारी भरून काढतो.

मग सून जिन्यावरून खाली आली, ती डोक्यावरच. वर धाकटा उभा होता, धक्का दिलेले हात अजून पुढेच. सासूबाईंनी ते पाहिलं.

या घराची एक रीत होती. घरातली गोष्ट बाहेर जायची ती थोरल्या मुलाच्याच तोंडून. थोरला लॉन्ड्रीमागच्या गोदामातून धावत आला आणि रुग्णवाहिकेच्या आधी त्याने पोलीस ठाण्याला फोन लावला. ‘आमच्याकडे बाई जिन्यावरून पडलीय,’ एवढं बोलून ठेवून दिला.

सून दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. शुद्धीवर आली की तिला पुन्हा त्याच जिन्याने वर न्यायचं, असं दोघा भावांचं ठरलंही होतं. ते ऐकून सासूबाई उठल्या आणि एकट्याच ठाण्यात गेल्या. मागोमाग थोरला आला.

‘सून पडली नाही, तिला ढकललंय,’ असं सासूबाईंनी सांगितलं, तरी हवालदाराने मानही वर केली नाही. “मावशी, एफआयआरची पहिली खबर आलीय. अपघाताची. आता तुमचा फार तर जबाब होईल, तोही सवडीने.” मग थोरल्याकडे बघून हसला. “सासू सुनेच्या बाजूने? सूर्याने दिशा बदलली की काय?”

आईचं वय झालंय, तिला नीट दिसत नाही, असं थोरल्याने सांगून पाहिलं.

“फोनवर काय म्हणालास? पडली,” सासूबाई म्हणाल्या. “पाडली कुणी, ते सांगितलंस?”

“आई, गप्प बस.”

“गप्पच होते. म्हणून तर ती पडली.”

आतल्या टेबलाशी बसलेल्या फौजदारीणबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांना कायदा ठाऊक होता, आणि मघापासून त्या तो गिळून बसल्या होत्या. गुन्ह्याचा पत्ताच न देणारा अर्धवट फोन म्हणजे पहिली खबर नव्हे. गुन्हा घडल्याचं जी सांगते, ती खबर. ती तोंडी असली तरी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि सांगणाऱ्याची सही घ्यायची. सांगणारा घरचा कर्ता पुरुषच हवा, असं कुठल्याही कायद्यात नाही. ते फक्त आपल्या घरांत आहे.

म्हातारी बाकावरून हलेना, तेव्हा फौजदारीणबाईंनी नाइलाजाने कागद ओढला. सांगितलेलं उतरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

“ढकलणारा तुमचा कोण?”

“पोटचा मुलगा.”

थोरला दारातून म्हणाला, “आता घरी येऊ नकोस.”

सासूबाईंनी मागे पाहिलं नाही. “बाई, पहिल्यापासून वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव नीट आलंय का, ते ऐकते. मग सही.”